भिंतीवरची माणसे

चित्रकलेविषयी आपल्या सुशिक्षित घरांत एक सोयीस्कर मत नेहमी ऐकू येते. चित्र पाहून मन प्रसन्न व्हावे. घामेजलेली, थकलेली माणसे रस्त्यावर रोज दिसतातच, ती पुन्हा भिंतीवर कशाला? आणि दाखवायचीच असतील तर कॅमेरा आहे की! हे मत आम्हांस साफ अमान्य आहे. त्याच्या खंडनासाठी दूर जावयास नको. ठाण्याच्या सुधीर पटवर्धनांची चित्रे पाहावीत.

1949 साली पुण्यात जन्मलेले पटवर्धन व्यवसायाने क्ष-किरणतज्ज्ञ. 1975 पासून तीस वर्षे त्यांनी ठाण्यात हा व्यवसाय केला. चित्रकला ते स्वतःच शिकले. ‘म्हणजे हौशी!’ असे म्हणून कोणी नाक मुरडील, तर त्याने 1981 सालचे ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन आठवावे. भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधरी आणि नलिनी मलानी यांच्या बरोबरीने पटवर्धनांची चित्रे तेथे होती. अमूर्त चित्र म्हणजेच आधुनिकता असे मानणारे तेव्हा पुष्कळ होते; या सहा जणांनी चित्रात माणसासाठी हक्काची जागा मागितली.

‘इराणी रेस्टॉरंट’ (1977) किंवा ‘ट्रेन’ (1980) या चित्रांतील माणूस आपल्याकडे दयेची याचना करीत नाही. त्याच्या देहाला वजन आहे, तो जागा अडवून बसतो. गरिबाकडे दयेने पाहण्याची सवय आम्हां दानधर्म करणाऱ्यांना फार. ती येथे निरुपयोगी ठरते. चित्रकारावर मार्क्सवादी विचारांचा प्रभाव होता, तरीही त्याने कामगाराचा घोषणाफलक केलेला नाही. कॅमेऱ्याला एक क्षण पुरतो. एका खांद्याचा उतार ठरविण्यासाठी मात्र चित्रकाराला त्या माणसापाशी दिवसेंदिवस थांबावे लागते, आणि हे थांबणेच आपण विसरलो आहोत. लोकलच्या डब्यात समोर बसलेल्या सहप्रवाशाचा चेहरा आपल्यापैकी किती जणांना संध्याकाळी आठवतो?

‘लोअर परळ’ हे चित्र 2001 सालचे. 1982 च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे चढले. वर्तमानपत्रांनी त्या जमिनींचे भाव छापले. तेथे वावरणारी माणसे कोठे गेली, हा प्रश्न चित्रकाराने सोडला नाही. अशा चित्राने मन प्रसन्न व्हावे असा आग्रह धरणे आम्हांस निर्दयपणाचे वाटते.

‘सामान्यांना चित्र कळत नाही’ ही दुसरी पळवाट. ती बहुधा ज्यांनी सामान्यांना चित्र कधी दाखविलेच नाही, असे लोक काढतात. पटवर्धनांनी 2008-09 मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रकलेचे प्रदर्शन महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांत नेले. लोकांना कळणार नाही अशी त्यांची समजूत असती, तर एवढा खटाटोप त्यांनी कशाला केला असता?

पुढे 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आजवरच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले आणि 2020 च्या आरंभापर्यंत चालले. चर्चगेट स्थानकापासून ते पायी जाण्याजोग्या अंतरावर आहे. त्या दिवसांत त्या स्थानकावर रोज उतरणाऱ्या आमच्या वाचकांपैकी किती जण तिकडे वळले, हे आम्हांस जाणून घ्यावयाचे आहे.