किती मिलिग्रॅम, तेवढं सांगा!

‘संधिवाताच्या रुग्णांनो, कॅन्सरच्या गोळ्या फेका आणि निसर्गाकडे वळा’ असा घोष करत गावोगावच्या सभागृहांतून फिरणारे एक आरोग्यव्याख्याते सध्या भलतेच जोरात आहेत. गर्दी होते, टाळ्या पडतात, बाहेरच्या टेबलावर डब्या खपतात. त्यांचं नाव इथे घेत नाही. एक तर त्यांच्यासारखे पुष्कळ आहेत, आणि नाव घेतलं की तेवढीच फुकट जाहिरात.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो, चुकीच्या खाण्याने होतो. डॉक्टर मुळावर घाव घालत नाहीत, नुसती लक्षणं दाबतात. ते देतात ते मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध, म्हणजे विषच. त्याऐवजी हळदीचा अर्क, माशाचं तेल, ग्लुकोसामीन, कोलॅजन आणि गुळवेल घेतली की प्रतिकारशक्ती वाढते, सूज उतरते आणि सहा महिन्यांत गोळ्या सुटतात. सगळं नैसर्गिक, त्यामुळे अपाय शून्य. याला शास्त्र म्हणायचं असेल तर पंचांगाच्या मागच्या पानावरच्या जाहिरातींनी काय घोडं मारलंय?

किरकोळ मुद्दे आधी हातावेगळे करू. ग्लुकोसामीनचा गाजावाजा झाला तो गुडघ्याच्या झिजेसाठी. तो आजारच वेगळा, आणि २००६ साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत तिथेही एकूण रुग्णांमध्ये ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. कोलॅजनची हवा १९९३ मधल्या एका छोट्या चाचणीने झाली. पुढच्या चाचण्यांत तो चमत्कार तसा दिसला नाही. ‘लक्षणं दाबतात’ हा आरोप वेदनाशामक गोळीला लागू पडेल, मेथोट्रेक्सेटला नाही, कारण ते सांध्यांची हानीच आटोक्यात ठेवतं. आणि प्रतिकारशक्ती! आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडलेली असते. तिला आणखी चेव आणण्याचा सल्ला देणाऱ्याने हा आजार पुस्तकात तरी वाचलाय का, अशी शंका येते. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे उकळत होते, तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृत बिघडलेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतल्या काहींना आधीपासून असेच स्वतःवर उलटणारे आजार होते. नैसर्गिक म्हणून निर्धोक, असं ज्याला वाटतं त्याने धोतऱ्याच्या बिया चघळून पाहाव्यात.

पण माझा खरा राग आहे तो मात्रेवर. या गृहस्थांच्या दोन तासांच्या भाषणात पदार्थांची नावं पन्नास येतात, पण कशाचं किती घ्यायचं हे एकदाही येत नाही.

भीती घालतानाही मात्रा गायब. मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं. पण काही कॅन्सरमध्ये ते ग्रॅमच्या हिशेबात सलाइनमधून देतात, आणि आमवातात आठवड्यातून एकदा, साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. औषध तेच, पण दोन मात्रांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. हा फरक गिळून ‘कॅन्सरची गोळी, कॅन्सरची गोळी’ म्हणून भुई धोपटायची, ही कुठली जनजागृती? या औषधाचा खरा धोकाही मात्रेचाच आहे : आठवड्याची गोळी कोणी चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. म्हणून डॉक्टर वार ठरवून देतात आणि ठरावीक काळाने रक्त आणि यकृताच्या तपासण्या करायला लावतात. हे सांगायला व्याख्यात्यांना दोन मिनिटं पुरली असती. पण तपासणीची सवय लागलेला माणूस उद्या त्यांच्या डबीचीही तपासणी मागेल, ही पंचाईत.

आता विकताना बघा. माशाच्या तेलाची डबी हातात घ्या. पुढे ठळक अक्षरांत ‘१००० मिलिग्रॅम’, सोबत उसळणारा मासा. डबी फिरवा, चष्मा लावा आणि मागचा बारीक तक्ता वाचा : ईपीए १८०, डीएचए १२०. म्हणजे कामाचा ऐवज, ओमेगा-३, ३०० मिलिग्रॅम, बाकीचं नुसतं तेल. आमवाताच्या ज्या चाचण्यांत माशाच्या तेलाने दुखणं आणि सकाळचा ताठरपणा थोडा कमी झाला, त्यांत हा ऐवज रोज तीनेक ग्रॅमच्या आसपास होता. हिशेब तिसरीतलं पोरही करेल : रोज नऊ-दहा कॅप्सूल. व्याख्याते सांगतात, रात्री जेवणानंतर एक! एका कॅप्सूलने सांधा सुधारत नाही, डबी मात्र महिनाभर पुरते आणि गिऱ्हाईक टिकतं.

मासे न खाणाऱ्यांना सांगितल्या जाणाऱ्या जवसाच्या चटणीचंही तेच. जवसात ओमेगा-३ असतं, पण ते वेगळ्या जातीचं. शरीर त्यातला अगदी थोडा भाग ईपीएमध्ये बदलतं. चटणी जरूर खा, भाकरीबरोबर झकास लागते. तिच्यावर सांध्यांचा भार टाकू नका.

आणि हळद. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन, म्हणजे तिच्यातलं कामाचं द्रव्य, असतं वजनाच्या तीनेक टक्के. चहाचा चमचाभर हळद घेतली तर ते शंभर मिलिग्रॅमच्या आतबाहेर, आणि त्यातलंही रक्तात फार थोडं उतरतं. म्हणून कंपन्या ९५ टक्क्यांचा अर्क काढतात आणि तो शोषला जावा म्हणून मिऱ्यातलं पायपरीन घालतात. व्याख्याते पडद्यावर जी चाचणी दाखवतात ती २०१२ ची, भारतातली : रुग्ण ४५, गट तीन, काळ आठ आठवडे. एका गटात पंधरा माणसं! आमवात हाडांच्या कडा कुरतडतो तो वर्षानुवर्षं, आणि यांचा निकाल दोन महिन्यांत. आणि अर्काची मात्रा अशी वाढवली की त्याचे अपायही जागे होतात. इटलीत २०१९ च्या सुमारास आणि पुढे अमेरिकेत हळदीच्या अर्काने यकृताला सूज आल्याच्या नोंदी झाल्या. ज्या रुग्णाच्या यकृतावर मेथोट्रेक्सेटसाठी आधीच लक्ष ठेवलेलं असतं, त्याने ही भर गुपचूप घालायची? म्हणजे पेच असा : स्वयंपाकघराच्या मात्रेत हळद निरुपद्रवी आहे, पण आमवाताला पुरत नाही, कॅप्सूलच्या मात्रेत कदाचित थोडा गुण येईल, पण मग ती निरुपद्रवी राहत नाही. यांना दोन्ही लाभ एकाच डबीत हवेत.

इथे सभागृहातून एक आवाज हमखास उठतो : ‘अहो, हळदीच्या पेटंटची लढाई आपण अमेरिकेत जिंकली ना!’ हा वाद मी इतक्यांदा घातला आहे की आता कंटाळा येतो. १९९५ चं ते पेटंट जखमा भरण्यासाठी हळद वापरण्याचं होतं. १९९७ मध्ये ते रद्द झालं, कारण ही माहिती जुनी होती, हे आपण कागदोपत्री दाखवून दिलं. आजीला जखमेवर हळद लावणं ठाऊक होतं, एवढंच त्यातून ठरलं. आजीचे सुजलेले सांधे हळदीने बरे झाले, असं त्या निकालात एका ओळीतही नाही.

दुसरा जुना हुकमी पत्ता आयुर्वेदाचा. माधवनिदानात आमवाताचं वर्णन आहे, आणि ते नेमकं आहे. पण खरा वैद्य नाडी बघतो, लंघन सांगतो, पथ्य सांगतो, रुग्णागणिक औषध बदलतो. हे महाशय हजार माणसांना एकच क्यूआर कोड दाखवतात. स्वदेशीचा अभिमानच मिरवायचा असेल तर भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बराव यांचा मिरवा. अमेरिकेत त्यांच्या हाताखालच्या चमूने १९४५ मध्ये फॉलिक अ‍ॅसिड बनवलं आणि त्याच कामातून पुढे मेथोट्रेक्सेट निघालं.

कायदाही एका ओळीत : १९५४ च्या जादुई उपाय कायद्याने ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे, त्या यादीत संधिवात आहे, आणि डबीच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं, ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. उत्पादक स्वतः सांगतोय हे औषध नाही, आणि वक्ते औषध म्हणून विकताहेत. डबीत काय असेल याचा तरी भरवसा कुठे? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये सांधेदुखीच्या एका ‘नैसर्गिक’ पूरकाबद्दल इशारा दिला. लेबलवर ग्लुकोसामीन आणि हळद होती, आत डायक्लोफिनॅक आणि स्टेरॉइड निघालं. गुण येणारच!

हे सगळं खिशाला कात्री लागण्यापुरतं असतं तर मी लेखणी उचलली नसती. पण आमवात थांबून वाट बघत नाही. हा आजार बायकांना पुरुषांच्या दोन-तीन पट होतो. सकाळी तासभर मूठ वळत नाही, कुकरचं झाकण लागत नाही, निऱ्या करताना बोटं ऐकत नाहीत. बऱ्याच जणांत हाडांची हानी पहिल्या दोनेक वर्षांतच सुरू होते. त्यातले सहा महिने ‘करून तर बघू’ म्हणून डब्यांवर काढले, तर पुढे बोटं करंगळीकडे झुकण्याची भीती असते, आणि झुकलेली बोटं पुढे कुठल्याही गोळीने, अर्काने किंवा काढ्याने सरळ होत नाहीत.

मग पूरकं घ्यायचीच नाहीत का? घ्या, पण ज्यांची मात्रा आणि काम माहीत आहे ती. आमवातातलं सगळ्यात उपयोगी पूरक कोणी व्यासपीठावरून विकत नाही, कारण त्यात नफा नाही : फॉलिक अ‍ॅसिडची पिवळी स्वस्त गोळी. मेथोट्रेक्सेटचा त्रास ती कमी करते. डॉक्टर सांगतील त्या वारी घ्यावी. स्टेरॉइड चालू असेल तर हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, रक्त तपासून. माशाचं तेल घ्यायचं तर पुऱ्या मात्रेत, चालू औषधाच्या जोडीला, आणि तीनेक महिने धीर धरून. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारून. खाणारे असाल तर बांगडा आणि तारली आपल्या बाजारात आहेतच. हळद आमटीत असू द्या.

यापलीकडे कुठली डबी घ्यावीशी वाटलीच तर मेथोट्रेक्सेट न सोडता घ्या, आणि पुढच्या तपासणीला जाताना ती पिशवीत टाकून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. जी डबी डॉक्टरांना दाखवायला संकोच वाटतो, ती विकतच घेऊ नका.