धाप छातीत, मूळ पोटात

धाप लागली की माणसाला आधी छातीची काळजी वाटते. पण श्वासाचे मुख्य काम करणारा स्नायू, म्हणजे श्वासपटल, छाती आणि पोट यांच्या मधोमध पडद्यासारखा पसरलेला असतो. श्वास घेताना तो खाली उतरतो आणि फुप्फुसांना जागा मिळते. पोटातच दाटी झाली असेल, तर तो पुरेसा उतरत नाही. जलोदर, पोटावरची वाढलेली चरबी, कारण कोणतेही असो, श्वास उथळ होतो.

मुंबईत याचे सर्वांत फसवे रूप म्हणजे अमीबामुळे यकृतात होणारे गळू. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून हा अमीबा आतड्यात जातो आणि तिथून रक्तावाटे यकृतात पोहोचतो. गळू बहुधा यकृताच्या उजव्या भागात, श्वासपटलाच्या लगत होते. श्वासपटल वर ढकलले जाते, कधी उजव्या फुप्फुसाभोवती पाणी साचते, खोकला सुरू होतो. श्वासपटल आणि खांदा यांच्या मज्जातंतूंचे मूळ मानेत एकाच ठिकाणी असल्याने कळ उजव्या खांद्यात उमटते. बहुतेकांना त्या वेळी जुलाबही होत नसतात. मग कमावत्या वयातला पुरुष खांद्याला मलम चोळत, खोकल्याचे औषध घेत दिवस काढतो. हा आजार होतोही मुख्यतः त्यालाच. गळू फुटून पू छातीत शिरला, की जिवावर बेतते.

वेळीच ओळखले, तर उपचार आवाक्यातले आहेत. पोटाची सोनोग्राफी, मेट्रोनिडाझोल आणि गरज पडल्यास सुईने पू काढणे. परळचे केईएम १९२६ पासून याच वस्तीच्या सेवेत आहे. ताप, उजव्या बरगड्यांखाली दुखणे आणि धाप एकत्र दिसली, तर तिथे जायला उशीर करू नये.

मात्र सगळा भार रुग्णावर टाकून चालणार नाही. भांडुपला शुद्ध झालेले पाणी गिरगाव, लालबाग, दादरच्या जुन्या वाहिन्यांतून ठरावीक तासच येते. पुरवठा थांबून दाब उतरला, की गळक्या सांध्यातून सांडपाणी आत शिरू शकते. पाण्यातले नेहमीचे क्लोरीन अमीबाच्या कोषांना मारत नाही, उकळणे मारते. घरात पाणी उकळणे हे नागरिकाचे काम, पण गळती शोधून वाहिन्या बदलणे हे पालिकेचेच काम आहे.