रेझीन ओतण्यापूर्वी

लेथवर लाकूड फिरवून वाटी, लाटणे, पेन किंवा तस्बीहचे मणी घडवणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात. आपल्याकडे हा पोटापाण्याचा धंदा. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मात्र हजारो माणसे तो निव्वळ हौसेने करतात. गॅरेजमध्ये एक लेथ बसवायचा, संध्याकाळी तासभर काम करायचे आणि महिन्यातून एकदा गावातल्या इतर हौशी कातारींबरोबर जमायचे, असा त्यांचा रिवाज आहे. अमेरिकेतल्या अशा हौशी व व्यावसायिक कातारींची संघटना १९८६ साली स्थापन झाली. तिची शेकडो स्थानिक मंडळे आहेत आणि दरवर्षी एक मोठे संमेलन भरते.

या बैठकांची पद्धत आम्हांला मोलाची वाटते. एका टेबलावर प्रत्येकजण आपली वस्तू मांडतो, फसलेलीसुद्धा. जाणता कारागीर सर्वांसमोर लेथ चालवून दाखवतो. हत्यार कसे धरायचे, कुठे उभे राहायचे आणि काय केले तर बोट जाईल, हे नवखा माणूस तिथे डोळ्यांनी पाहतो. हे लोक केवळ आपल्यापुरतेही घडवत नाहीत. गंभीर आजाराशी झुंजणाऱ्या मुलांना उपचाराच्या प्रत्येक टप्प्यावर एक मणी देणारी ‘बीड्स ऑफ करेज’ नावाची संस्था तिकडे आहे. ते मणी ठेवण्यासाठी झाकणाच्या लाकडी डब्या हे कातारी विनामूल्य करून देतात.

हाताच्या कामाची थोरवी आपल्याला नवी नाही. हजरत जकरिया (अ.) सुतार होते, असे हदीसमध्ये आले आहे. हजरत दाऊद (अ.) स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत. मस्जिदे नबवीतला मिंबर एका सुतारानेच घडवला होता. म्हणून घरात कोणी हाताने काही करू लागले तर आम्हांला आनंदच होतो. आज मात्र थोडे काळजीचे बोलायचे आहे.

गेल्या काही वर्षांत कातारींच्या हाती रेझीन हा नवा पदार्थ आला. लाकडाचा वेडावाकडा तुकडा साच्यात ठेवायचा, त्यावर रंगीत द्रव ओतायचा, तो घट्ट झाला की निघालेला ठोकळा लेथवर चढवायचा. हेच रेझीन आपल्या घरांतही आले आहे. आयतींच्या फ्रेम, निकाहच्या तारखेची तबके, कीचेन, तस्बीह अशा वस्तू अनेक मुली घरी बनवून विकतात. हलाल कमाईचा हा चांगला मार्ग आहे. पण सामान घरपोच आले, शिकवणारा उस्ताद मात्र आला नाही. मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या चित्रफितीत चमक दिसते, वास येत नाही.

हौशी कातारी प्रामुख्याने तीन प्रकारची रेझीन वापरतात. पॉलिएस्टरचा वास उग्र असतो, त्यात स्टायरीन असते. पॉलियुरेथेन काही मिनिटांत घट्ट होते. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. लाकडात ओल राहिली तर ते फेसाळतेही. इपॉक्सीला फारसा वास नसतो, म्हणून लोक तिला निर्धोक समजतात. पण तिच्या हार्डनरने आणि कच्च्या रेझीनने त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते. एकदा ती जडली की पुढे अगदी थोड्या स्पर्शानेही खाज आणि पुरळ उठतात. आज काही झाले नाही म्हणून उद्याही होणार नाही, असे नाही.

म्हणून ओतताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत. हाताला थेंब लागलाच तर थिनर किंवा ॲसिटोनने पुसू नये, त्याने रेझीन त्वचेत अधिक मुरते. साबण व पाणी वापरावे. नखांवर व बोटांवर रेझीनचा थर घट्ट बसला तर वुजूचे पाणी त्वचेपर्यंत पोहोचत नाही, हीही अडचण हातमोज्यांमुळे टळते.

हवेची व्यवस्था त्याहून महत्त्वाची. बंद खोलीत छताचा पंखा लावला तर वाफ बाहेर जात नाही, ती खोलीभर फिरते. उघडी खिडकी आणि बाहेर हवा फेकणारा पंखा हवा. कापडी किंवा सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. दाढी असलेल्या भावांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: चेहऱ्याला चिकटून बसणारा मास्क दाढीवर घट्ट बसत नाही, कडेने हवा आत शिरते. परदेशातले दाढीवाले कातारी बॅटरीवर गाळलेली हवा पुरवणारे सैल शिरस्त्राण घालतात. ते महाग पडते. ते नसेल तर काम उघड्यावरच करावे आणि पॉलियुरेथेनच्या वाटेला जाऊ नये.

रेझीन घट्ट होताना उष्णता निघते. पेल्यात एकदम खूप मिसळले तर ते तापून धुरावते, प्लॅस्टिकचा पेला वितळतो. थोडे थोडे, थर देत ओतावे. उरलेले रेझीन कागद-चिंध्यांच्या डब्यात टाकू नये, पसरट भांड्यात पातळ पसरून बाहेर ठेवावे. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर वाढवणे हाही गैरसमज आहे. प्रमाण चुकले की ठोकळा चिकटच राहतो.

बुडबुडे दाबून टाकण्यासाठी काही कातारी साचा दाबाच्या टाकीत ठेवतात. तिथे साधारण ४० ते ६० पीएसआय दाब असतो. टाकीचे झाकण ३० सेंटिमीटर व्यासाचे असेल तर ४० पीएसआयला त्यावर सुमारे दोन टन जोर येतो. घरचा प्रेशर कुकर साधारण १५ पीएसआयसाठी बनलेला असतो. त्याला कॉम्प्रेसर जोडणे म्हणजे स्वयंपाकघरात बॉम्ब ठेवण्यासारखेच. टाकी त्या कामासाठीच बनवलेली हवी, तिचा सुरक्षा झडप कधी बंद करू नये, आणि काटा शून्यावर आल्याशिवाय झाकणाला हात लावू नये.

ठोकळा लेथवर चढला की नियम बदलतात. ओतताना जे हातमोजे वाचवतात, तेच फिरत्या लेथवर हात ओढून नेतात. तिथे हातमोजे नकोत, अंगठी नको, सैल बाही नको. ओढणी व हिजाबची टोके आत खोचलेली हवीत. रेझीन ठिसूळ असते, आत पोकळी राहिली असेल तर ठोकळा फुटून उडतो. चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल लागते. सुरुवात कमी वेगाने करावी आणि ठोकळ्याच्या समोर न राहता बाजूला उभे राहावे. रेझीन पूर्ण मुरल्याशिवाय कातू नये, कच्च्या रेझीनची धूळही ॲलर्जी देते. लाकडाची धूळ तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच कर्करोगकारक ठरवली आहे. कातकाम करताना धुळीचा मास्क विसरू नये.

आणि घरातली मुले. मोजण्याचे पेले, चमचे, काटा स्वयंपाकघरातले नकोत, आणि एकदा वापरलेले परत तिकडे जाऊ नयेत. ज्या खोलीत बाळ झोपते, किंवा दमेकरी दादीअम्मा बसतात, तिथे हे काम करूच नये. रात्रभर घट्ट होत असलेला साचाही त्या खोलीत ठेवू नये. चारशे रुपयांची फ्रेम विकली गेली आणि दादीचा श्वास कोंडला, तर त्या कमाईत बरकत कसली? शरीर ही अल्लाहची अमानत आहे. स्वतःला इजा करू नये आणि दुसऱ्यालाही होऊ देऊ नये, ही आपल्या दीनची शिकवण कामाच्या टेबलालाही लागू होते.

यावर उपाय काम बंद करणे हा नाही. संगत जोडणे हा आहे. सावंतवाडीत लाकडी खेळणी करणारे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून शिकत आले. परदेशातल्या हौशींना तशी परंपरा नव्हती, म्हणून त्यांनी मासिक बैठक उभी केली. आपल्या मोहल्ल्यात रेझीनचे काम करणाऱ्या पाच-सहा मुली आणि एखादा लेथवाला भाऊ सहज सापडेल. वाचनालयाच्या खोलीत किंवा शाळेच्या वर्गात महिन्यातून एक दुपार जमा. वस्तू मांडा, फसलेल्याही मांडा. चांगला मास्क किंवा बाहेर हवा फेकणारा पंखा एकटीला परवडत नसेल तर वर्गणी काढून घ्या, आणि त्याच हवेशीर जागेत सर्वांनी पाळीपाळीने ओता. पहिल्या बैठकीचा पहिला प्रश्न ‘हे कितीला विकलेस?’ हा नसावा. ‘ओतताना खिडकी उघडी होती ना?’ हा असावा.