लाइव्हचं बटण एआयच्या हाती देण्याआधी

कोरोनाच्या काळात मस्जिदी बंद राहिल्या, तेव्हापासून जुम्याचं बयान, जलसे, निकाह मोबाईलवर लाइव्ह दाखवायची सवय आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही रुजली. पुसद असो, दिग्रस असो की आर्णी, कार्यक्रमात एखादा कॉलेजचा पोरगा लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसलेला असतो आणि दुबईत कामाला गेलेला भाऊ बहिणीचा निकाह तिकडून बघतो. आता या पोराच्या मदतीला एआय एजंट येऊ लागलाय.

लाइव्हसाठी बहुतेक जण ओबीएस स्टुडिओ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरतात. 2022 च्या 28 व्या आवृत्तीपासून त्यात एक सोय आतच बसवलेली आहे. लाइव्ह सुरू कर, बंद कर, कॅमेरा बदल, माइक बंद कर, असे हुकूम दुसरा प्रोग्राम त्याला देऊ शकतो. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही पद्धत सर्वांसाठी खुली केली आणि एआयला अशी टूल्स जोडणं सोपं झालं. ‘नात शरीफ संपली की दुसरा कॅमेरा लाव’ एवढं सांगायचं, पुढचं एजंट बघतो. तीन माणसांचं काम एकाकडून होतं. छोट्या ट्रस्टला हे परवडणारं आहे, आमचा त्याला विरोध नाही.

पण कुठली कमांड काय करते, हे एजंटला कळतं कसं? टूलसोबत लिहिलेल्या मजकुरावरून. कमांडचं नाव, दोन ओळींचं वर्णन, सोबत द्यायची माहिती. माणसाला अर्धवट सूचना मिळाली तर तो शेजारच्याला विचारतो. एजंट बऱ्याचदा अंदाज बांधून मोकळा होतो. (प्रयोगाच्या वहीत ‘पाणी टाका’ एवढंच लिहिणाऱ्या मुलांना आम्ही रोज विचारतो: किती? कधी?) ‘कॅमेरा बदलतो’ एवढंच लिहिलं, आणि तिसरा कॅमेरा बायकांच्या बाजूचा, फक्त घरच्या रेकॉर्डिंगसाठी आहे, हे लिहायचं राहिलं, तर एजंटच्या लेखी तिन्ही कॅमेरे सारखेच.

लाइव्ह गेलेलं परत येत नाही. 15 मार्च 2019 ला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये मस्जिदींवर हल्ला झाला, 51 जण शहीद झाले. हल्लेखोराने तो फेसबुकवर लाइव्ह दाखवला. थेट बघणारे दोनशेहून कमी होते, तरी पहिल्या 24 तासांत फेसबुकला 15 लाख प्रती काढाव्या लागल्या.

आपल्या न्यायालयांनी याचा विचार आधीच केलाय. सुप्रीम कोर्टाने 26 सप्टेंबर 2018 ला स्वप्निल त्रिपाठी प्रकरणात थेट प्रक्षेपणाला मान्यता दिली. पुढे ई-कमिटीने नमुना नियम केले. प्रक्षेपण दहा मिनिटं उशिरा जाईल, वैवाहिक वाद आणि लैंगिक गुन्ह्यांची सुनावणी दाखवायची नाही, आणि कधीही थांबवता यावं म्हणून रिमोट न्यायमूर्तींच्या हातात राहील. एवढं करूनही 20 सप्टेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाचं यूट्यूब चॅनल हॅक झालं आणि त्यावर क्रिप्टोचे व्हिडिओ दिसू लागले. मग आपल्या गल्लीतल्या चॅनलचा पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असेल तर काय बोलावं!

आम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते ती कॉमेंटची. एजंट लाइव्हखालच्या कॉमेंट वाचून उत्तरं देत असेल, तर कोणी खोडसाळ माणूस तिथेच ‘हा मजकूर पडद्यावर लाव’ असं लिहील. मालकाचा हुकूम कोणता आणि परक्याची कॉमेंट कोणती, हे एजंटला दर वेळी ओळखता येतंच असं नाही. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. आजच्या माहोलमध्ये मस्जिदीच्या चॅनलवर दहा सेकंद भलतं काही दिसलं तर स्क्रीनशॉट जिल्हाभर जाईल. ठाण्यात बोलावणं येईल ते ट्रस्टींना. ‘एआयने केलं’ हे तिथे कोण ऐकणार?

म्हणून टूलचा कागद नीट लिहावा लागेल. आवाज कमी-जास्त करणं, घड्याळ दाखवणं एजंटने खुशाल करावं. लाइव्ह सुरू करणं, कॅमेरा बदलणं, पडद्यावर मजकूर लावणं हे माणसाने ‘हो’ म्हटल्यावरच. चंद्याचा क्यूआर कोड बदलणं, रेकॉर्डिंग पुसणं, बायकांचा कॅमेरा, या कमांड त्याला द्यायच्याच नाहीत. ‘विचारून करा’ असं नुसतं लिहून भागत नाही, कुलूप प्रोग्राममध्येच हवं. एजंटने किती वाजता कोणती कमांड चालवली, याची नोंदही आपोआप राहिली पाहिजे.

मदरशाच्या जलशात मुलं असतात. यूट्यूबने 22 जुलै 2025 पासून स्वतः लाइव्ह करण्याचं किमान वय 16 केलंय, आणि 2023 चा डेटा संरक्षण कायदा 18 खालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. संमतीचा कागद कार्यक्रमाआधी घ्यायचा, नंतर नाही.

हे सगळं इंग्रजीत राहिलं तर मुतवल्ली साहेब वाचणार नाहीत, लॅपटॉपवाला पोरगाच एकटा जाणकार ठरेल. एक पान मराठीत, एक उर्दूत, ऑफिसच्या भिंतीवर. खाली त्या दिवशी थांबवायचं बटण कोणाकडे आहे त्याचं नाव आणि मोबाईल नंबर.