नाण्याचा रंग का बदलतो?



नाणे काळे पडले की घरात शंका निघतात. कुणी म्हणते नाणे खोटे आहे, कुणी म्हणते घराला नजर लागली. दुकानदार ते घेत नाही आणि मीठ-मिरची आणायला गेलेली मुलगी रिकाम्या हाताने परत येते. म्हणून या आठवड्यात आम्ही हाच विषय घेतला आहे.

१९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त सरकारने त्यांची प्रतिमा असलेले एक रुपयाचे नाणे काढले. आपल्या अनेक घरांत ते पेटीत जपून ठेवलेले असते. दिसायला ते पांढरे, पण त्यात चारातले तीन भाग तांबे आणि एक भाग निकेल असते. तांब्याचे भांडे चार दिवस घासले नाही तर काळवंडते, हे आमच्या भगिनींना सांगायला नको. नाण्यातले तांबेही तेच करते. हवा, हाताचा घाम आणि गंधक यांच्याशी त्याचा संयोग होतो आणि वर काळपट थर चढतो. नाण्यांच्या पुडीला रबर गुंडाळून ठेवले तर रबरातल्या गंधकानेही डाग पडतात. दमट, खाऱ्या हवेत असेच नाणे हिरवट होते.

प्रत्येक धातूची तऱ्हा वेगळी. पिवळ्या पाच रुपयांच्या नाण्यात तांब्याबरोबर जस्त असते. ते चिंचेच्या पाण्यात फार वेळ राहिले तर पृष्ठभागावरचे जस्त आधी निघून जाते, तांबे उरते आणि नाणे लालसर दिसते. स्टीलचे नाणे विस्तवात तापले की त्यावर अतिशय पातळ थर धरतो आणि ते पिवळे, जांभळे, निळे दिसू लागते. यात ना शकुन, ना अपशकुन.

मुलांना हे घरीच दाखवा. तांब्याच्या तारेचा तुकडा घासून चकचकीत करा. गरम उकडलेले अंडे कापून बरणीत ठेवा, शेजारी तार ठेवा आणि झाकण घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी तार काळपट झालेली दिसेल, कारण अंड्यातून गंधकाचा वायू निघतो. ते अंडे मात्र खाऊ नका.

आता भोंदूंची गोष्ट. पूर्वी दहा आणि वीस पैशांची नाणी ॲल्युमिनियमची होती. बुवा असे नाणे भक्ताच्या मुठीत देई, मूठ तापे आणि नाण्यावर राख जमे. लोक पाया पडत. खरे तर बुवाने नाण्याला पाऱ्याचा विषारी क्षार लावलेला असे. त्याने ॲल्युमिनियमचे संरक्षक कवच फुटते, धातूचा हवेशी झपाट्याने संयोग होतो, उष्णता निघते आणि भुकटी तयार होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी हे बिंग फोडले. पाऱ्याचे विष अंगात भिनते, म्हणून कुणीही करून पाहू नये. चमत्काराच्या नावाने लोकांना फसवून पैसे उकळणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

फसवणुकीची दुसरी तऱ्हा म्हणजे 'जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी फी भरा' असा फोन. अशा लोकांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेनेच २०२१ साली जाहीर केले आहे.

भगिनींनो, एवढे ध्यानात ठेवा. रंग बदलला म्हणून चालू नाणे खोटे ठरत नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली, पण पन्नास पैसे अजून चलनात आहेत. दहा रुपयांची सर्व नमुन्यांची नाणी चालतात, असे रिझर्व्ह बँकेने २०१८ साली स्पष्ट केले. बाबासाहेबांचे नाणे मात्र चिंच किंवा राख लावून घासू नका. त्याने प्रतिमेवरच्या बारीक रेषा झिजतात. ते कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा.

केवळ ऐकले म्हणून, किंवा गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध करून रुपयाचीच चिकित्सा केली. त्यांच्या लेकरांनी रुपयावरच्या काळ्या डागाला भ्यावे, हे शोभत नाही. मुलाने 'हे असे का?' विचारले तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्याबरोबर बसून कारण शोधा.