एम.टेक. कित्याक?

सहावं सेमिस्टर सुरू झालं की होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एकच प्रश्न फिरायला लागतो, "पुढे काय?" उत्तरंही ठरलेली. प्लेसमेंट झाली तर जॉब, घरची ऐपत असेल तर एम.एस., आणि ह्यातलं काहीच जमलं नाही तर... एम.टेक.! कॉम्प्युटरचं मास्टर्स म्हणजे आपल्याकडे स्टेशनवरची वेटिंग रूम झाली आहे. गाडी चुकली की तिथे जाऊन बसायचं. माझा आक्षेप आहे तो ह्याला.

गंमत म्हणजे आपल्या देशात कॉम्प्युटरचं मास्टर्स आधी आलं आणि बी.टेक. नंतर! मुंबईत टी.आय.एफ.आर.मध्ये आपल्या लोकांनी बांधलेला टिफ्रॅक हा कॉम्प्युटर १९६० साली सुरू झाला. आयआयटी कानपूरला १९६३ मध्ये आयबीएम १६२० आला आणि १९६५ मध्ये तिथे प्रा. राजारामन ह्यांच्या पुढाकाराने कॉम्प्युटर सायन्स हा विषय घेऊन एम.टेक. करायची सोय झाली. बी.टेक. तिथे सुरू व्हायला १९७८ उजाडलं. म्हणजे हे शिक्षण सुरू झालं तेच मुळी आधीच इंजिनिअर झालेल्या आणि डोक्यात एखादा प्रश्न घोळत असलेल्या माणसांसाठी. आज आपण जातो ते डोक्यात काहीच नसताना!

आता पैशाचं बोलू, कारण घरी पहिला विषय तोच निघतो. मी मालवण तालुक्यातल्या तोंडवलीची. कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणून माझं मराठी थोडं इंग्रजाळलेलं आहे, पण हिशेब मात्र घरचाच. गेट पास होऊन मान्यताप्राप्त कॉलेजात एम.टेक.ला गेलं तर एआयसीटीईची शिष्यवृत्ती महिना १२,४०० रुपये, जास्तीत जास्त २४ महिने. एकूण २,९७,६००. त्या बदल्यात आठवड्याला आठ-दहा तास लॅब घेणं, पेपर तपासणं वगैरे कामं करायची. तेवढ्याच काळात साडेतीन लाखांच्या पॅकेजवाला मित्र सात लाख कमावतो. म्हणजे चार लाखांचा सरळ सरळ तोटा, आणि होस्टेल, मेस, फी वेगळी. हा तोटा नाहीच असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. प्रश्न एवढाच की ह्या चार लाखांत आपण विकत काय घेतो?

नुसती डिग्री घेत असू तर सौदा महाग पडला. पण दोन वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे लागायची मोकळीक घेत असू, तर माझ्या मते स्वस्त आहे. बी.ई.ला ती मोकळीक मिळत नाही. आपले फायनल इयरचे प्रोजेक्ट आठवा बरं. चेहरा ओळखून हजेरी लावणारी सिस्टीम दरवर्षी नव्याने "शोधली" जाते, आणि हजेरी अजून कागदावरच सही करून लागते!

एक उदाहरण माझ्या गावचंच देते. तोंडवलीला लागून तळाशील आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर घरं, माड, होड्या. दर पावसाळ्यात समुद्र थोडी जमीन खातो. किती खातो? गावात विचाराल तर प्रत्येक जण वेगळा माड दाखवील. उपग्रहाची चित्रं तर फुकट मिळतात. लँडसॅटची १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून ती सगळ्यांना खुली आहेत. २०१५ पासून सेंटिनल-२ ची आली, त्यात एक ठिपका दहा मीटरचा. मग अडलंय कुठे? किनारा वर्षाला एखादा मीटर सरकत असेल तर तो दहा मीटरच्या ठिपक्यात दिसायचा कसा? चित्र भरतीच्या वेळचं की ओहोटीच्या वेळचं, ह्यावर पाण्याची रेघच बदलते. आणि धूप होते नेमकी पावसाळ्यात, जेव्हा चित्रात ढगांशिवाय काही नसतं. ढगाआडचं पाहायचं तर रडारची चित्रं घ्यावी लागतात, आणि त्यांचं गणितच निराळं. इमेज प्रोसेसिंग, स्टॅटिस्टिक्स, मशीन लर्निंग सगळं इथे कामाला लागतं. हे चार महिन्यांत होत नाही, दोन वर्षांत होऊ शकतं. बंधारा कुठे हवा हे भांडून ठरवायचं की आकड्यांवरून, एवढा फरक त्याने पडेल. मला हा प्रश्न घेऊन एम.टेक. करायचंय.

घरी सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "इतक्या वर्षां शिकलंस, आता आणि दोन वर्षां कित्याक?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे बी.ई. झालेल्या मुलीला नोकरीच्याही आधी लग्नाचं विचारतात. दोन वर्षं मागायची तर कारण भक्कम लागतं. "सगळे करतात म्हणून" हे कारण आजीसमोर टिकत नाही, आणि खरं तर गाईडसमोरही टिकू नये!

एम.एस.वाल्यांशी माझं भांडण नाही. पण साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात, आणि कोकणात तारण म्हणजे घर नाहीतर बाग. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावायचा हुकूम काढला. व्हिसाचे नियम एका सहीने बदलतात, बागेवरचं कर्ज नाही बदलत. जायचंच तर तिथल्या एखाद्या लॅबमध्ये, एखाद्या विषयासाठी जा. व्हिसासाठी शिकणं म्हणजे तीसुद्धा वेटिंग रूमच, फक्त ए.सी.वाली.

थर्ड इयरवाल्यांना एक व्यवहाराची गोष्ट. गेट २०२१ पासून तिसऱ्या वर्षातच देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. म्हणजे आत्ता परीक्षा द्या, वाटलं तर आधी नोकरी करा, आणि खरा प्रश्न सापडला की ॲडमिशन घ्या. घाई कोणाला आहे?

आणि सरांना, मॅडमना एक विनंती. इंजिनिअरिंगला शिकवायचं तर मास्टर्स लागतंच, म्हणजे तुम्ही सगळे ह्या रस्त्याने गेलेले आहात. तुमच्या थीसिसचा विषय काय होता, कुठे अडलात, शेवटी काय हाती लागलं, हे एखाद्या संध्याकाळी होस्टेलवर येऊन सांगाल का? प्लेसमेंटची सेमिनार्स भरपूर होतात, ह्याचं आजवर एकही झालेलं मला आठवत नाही.

तेव्हा मित्र-मैत्रिणींनो, फॉर्म भरण्याआधी एका कोऱ्या पानावर आपला प्रश्न एका वाक्यात लिहून पाहा. लिहिता आला तर खुशाल दोन वर्षं द्या. नाही आला तर नोकरी करा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण ते पान मात्र जपून ठेवा.