आधी हक्कसोड थांबवा, मग स्टार्टअपचे बोला

उरण-पनवेल पट्ट्यात सध्या महिला उद्योजकतेला बहर आला आहे. कार्यशाळा होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात, पाहुणे येतात आणि मुलींना सांगतात की धाडस करा. मी मोरा बंदरावर राहते. आमच्या मुलींकडे धाडस कमी आहे असे मला कधी वाटले नाही. जी बाई लाँचने भाऊच्या धक्क्याला जाऊन मुंबईतून घाऊक माल आणते आणि ओहोटीला गाळामुळे लाँच बंद पडली तर रस्त्याने वळसा घालून घरी पोहोचते, तिला धाडसाचे धडे कोण देणार? तिच्याकडे भांडवल नाही. ते का नाही, याचे उत्तर जेवढे सरकारी कचेरीत आहे, त्याहून जास्त आपल्या घरच्या कपाटात आहे. त्या कपाटात एक कागद असतो. त्याचे नाव हक्कसोडपत्र.

आधी सरकारी बाजू पाहू. 16 जानेवारी 2016 रोजी स्टार्टअप इंडिया सुरू झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टँडअप इंडिया आले, ज्यात महिलांना 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत कर्जाची सोय होती. महाराष्ट्राने पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने महिला स्टार्टअप योजना आणली. तिच्यात 1 लाख ते 25 लाख रुपये मिळू शकतात. मात्र त्यासाठी व्यवसाय किमान एक वर्ष चालू हवा आणि वार्षिक उलाढाल किमान 10 लाख हवी. अट चुकीची आहे असे मी म्हणत नाही. पण शून्यापासून 10 लाखांपर्यंत पोहोचायचे कसे? हा पहिला टप्पा जगात सगळीकडे घरच्या पैशावरच पार होतो. बापाने दिलेले पैसे, काकाची हमी, जमिनीचे तारण. अमेरिकेतसुद्धा फक्त महिलांनी उभारलेल्या कंपन्यांच्या वाट्याला जोखीम भांडवलातले सुमारे दोन टक्केच येतात. तिथे ही गत, तर मोहल्ल्यातल्या मुलीला बाहेरचा गुंतवणूकदार शोधत येईल ही आशा कोणी दाखवू नये. तिचा पहिला पैसा घरातूनच येणार. आणि घर तो देत नाही.

घरात नाही म्हणून देत नाही, असेही नाही. जेएनपीटी बंदर 1989 मध्ये सुरू झाले. सिडकोने जमिनी घेतल्या आणि साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू खुला झाला आणि उरणपर्यंत लोकलही आली. उरण, पनवेल आणि पेणमधली 124 गावे नव्या शहरासाठी अधिसूचित झाली. ज्या खाजणाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, तिथे आज दलाल गाड्या घेऊन फिरतात. म्हणजे आपल्या भागातल्या अनेक कुटुंबांकडे पिढ्यांत पहिल्यांदा मोठी मालमत्ता आली आहे. नेमक्या याच वेळी बहिणींना निरोप जातो, "आपा, एक सही करायची आहे, दुय्यम निबंधकाकडे ये." काहीशे रुपयांच्या मुद्रांकावर लाखोंचा वाटा सुटतो. बदल्यात ईदला कपडे आणि माहेरचा दरवाजा उघडा राहील याची हमी. सही केली नाही तर तो दरवाजा बंद. याला कोणी प्रेम म्हणू नये. ही सौदेबाजी आहे.

हे हिंदू घरांतही होते, मला ठाऊक आहे. पण आपण तर शरियतचा झेंडा उंच धरतो. शरियतच्या रक्षणासाठी मोर्चे काढतो. त्या शरियतचा वारसाहक्क कुराणाच्या सूरह निसामध्ये सातव्या आयतीत स्पष्ट सांगितला आहे, की आईवडिलांनी मागे ठेवलेल्यात पुरुषांचा वाटा आहे, तसा स्त्रियांचाही आहे, मालमत्ता थोडी असो वा जास्त. मुलीला मुलाच्या निम्मे देणे आजच्या काळात न्याय्य आहे का, हा वेगळा वाद आहे. मी समान वाट्याच्या बाजूने उभी आहे. पण जे लोक निम्म्याला खुदाचा कायदा म्हणतात, ते तो निम्मा तरी देतात का? तलाकच्या चर्चेत आठवणारी शरियत सातबाऱ्यासमोर कशी विसरते? मेहरचेही तेच. मेहर ही बाईची स्वतःची मिळकत. ती मोजून हातात दिली तर एखाद्या शिलाई युनिटचे पहिले भांडवल होईल. आपण ती नावापुरती ठरवतो किंवा माफ करून घेतो.

दुसरी सबब व्याजाची. "बँकेचे कर्ज नको बेटा, सूद आहे." ठीक आहे, मग भागीदारी करा. मुदारबा म्हणजे एकाचा पैसा, दुसऱ्याचे कष्ट, नफा आधी ठरलेल्या प्रमाणात, आणि तोटा आला तर पैशाची झळ पैसेवाल्याला. आज ज्याला स्टार्टअपमधली गुंतवणूक म्हणतात, त्याच्याशी याचे जवळचे नाते आहे. आणि मक्केत आपला माल तरुण मुहम्मद पैगंबरांच्या हाती सोपवून शामला पाठवणारी व्यापारी एक बाई होती, हजरत खदीजा. जलशांत तिचे नाव घेणाऱ्या किती चाचा-मामूंनी आपल्या भाचीच्या धंद्यात असा पैसा घातला? आखातातून आलेली कमाई बंगल्यात जाते, लग्नात जाते. 2019 मध्ये बेंगळुरूची आय मॉनेटरी ॲडव्हायझरी बुडाली, तेव्हा 'हलाल' परताव्याच्या नावाने हजारो मुसलमानांचे पैसे गेले. अनोळखी माणसाच्या हाती बचत देताना आपण घाबरलो नाही. डोळ्यांसमोर वाढलेल्या मुलीला देताना मात्र घाबरतो.

बाहेर भेदभाव नाही, असा याचा अर्थ नाही. सच्चर समितीने 2006 मध्येच दाखवले की मुस्लिम कामकऱ्यांमध्ये स्वयंरोजगार करणारे 61 टक्के आहेत, तरी बँकांच्या कर्जात त्यांचा वाटा अपुरा आहे. काही बँका मुस्लिम वस्त्यांना नकोशा भागांत टाकतात, हेही अहवालात आहे. त्याविरुद्ध लढले पाहिजे आणि आपण लढतोच. पण बँकेने वाट अडवली हे ओरडून सांगणारा भाऊ घरात बहिणीची वाट अडवून बसला असेल, तर त्याची तक्रार अर्धीच ऐकली जाईल.

शिवाय कर्ज मिळाले की प्रश्न सुटतो असेही नाही. 1996 मध्ये बांगलादेशातल्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसले की महिलांच्या नावे दिलेल्या कर्जांपैकी जेमतेम 37 टक्के कर्जांवर त्यांचा स्वतःचा पुरेसा ताबा होता. बाकी ठिकाणी नाव बाईचे, कारभार पुरुषाचा. आपल्याकडे बायकोच्या नावावर नोंदलेली दुकाने मोजा.

ताबा हातात असला की काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. 1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला आणि मालकी बायकांकडेच ठेवली. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक बायका अंगठा लावणाऱ्या होत्या. काही महिन्यांत त्या लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, तोंडी हिशोब करून दाखवायची तयारी ठेवली आणि 1997 मध्ये बँक उभी केली. त्यांना कोणी धाडस शिकवले नव्हते.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, माझे मागणे सरळ आहे. मुलांनो, घरात वारसनोंद होत असेल तर बहिणीचे नाव लागल्याशिवाय सही करू नका. मुलींनो, वाचल्याशिवाय आणि वकिलाला दाखवल्याशिवाय कुठल्याही कागदावर अंगठा किंवा सही देऊ नका, समोर सख्खा भाऊ असला तरी. निकाहात मेहर रोख किंवा स्वतःच्या खात्यात घ्या. जमातींनो, वर्षातून एक जलसा कमी करा आणि त्या पैशातून मुलींच्या दोन धंद्यांत लेखी भागीदारी करा, हिशोब सर्वांसमोर मांडा.

आणि पुढच्या कार्यशाळेत पाहुणे व्यासपीठावर आले की एकच प्रश्न विचारा: साहेब, तुमच्या बहिणीचे नाव सातबाऱ्यावर आहे का?